रेषेवरून न हललेलं विमान

विमानात बसण्याआधी माझी अशी समजूत होती की वर गेल्यावर माणसाला पडण्याची भीती वाटते. मला तशी वाटली नाही. जी वाटली ती वेगळीच होती आणि तिचं नाव मला अजून सांगता येत नाही. लख्ख दिवस, समोर चांगली महागाची यंत्रं, शेजारी शिकलेला वैमानिक, आणि तरीही आपण कुठे आहोत हे कोणालाच ठाऊक नाही! परत आल्यापासून आमच्या विरारच्या इमारतीत आणि कॉलेजातही जो तो विचारतो, छोट्या विमानात कसं वाटतं हो? मी काहीतरी बोलून वेळ मारून नेतो. पण ज्यांना असं बसायला मिळालं नाही, त्यांच्यासाठी एकदा सगळं सरळ लिहून काढावं असं वाटलं.

वटार

मी मूळचा माण तालुक्यातला, दहिवडीचा. आमच्या घरात पदवी घेणारा पहिला मीच. भूगोल शिकवायची नोकरी लागून इकडे आलो तेव्हा मला राहायला जागा मिळेना. वसईच्या किनाऱ्यावरच्या वटार गावच्या बस्त्यावकाकांनी मला त्यांच्या वाडीतली मागची खोली दिली, आणि लग्न होईपर्यंत मी तिथेच राहिलो. त्या घरच्या जेवणाचं ऋण माझ्यावर आहे आणि ते फिटावं अशी माझी इच्छाही नाही. काकांचा एकुलता एक मुलगा सायमन तेव्हा शाळेत होता. ओट्यावर बसून मी त्याला नकाशावाचन शिकवत असे. आता तो मोठ्या जहाजावर इंजिनिअर आहे, पण मला अजून सरच म्हणतो.

जहाजावरून सुट्टीला आला की सायमन घाटापलीकडच्या एका फ्लाइंग क्लबात जात असे. तिथे शिकून त्याने खासगी वैमानिकाचा परवाना मिळवला. या परवान्यावर छोटं विमान भाड्याने घेऊन स्वतः चालवता येतं, घरच्यांना, मित्रांना बसवता येतं. प्रवाशांकडून पैसे मात्र घेता येत नाहीत. काकांना हे अजिबात पसंत नव्हतं. त्यांचं म्हणणं, पोरगा अर्धं वर्ष दर्यावर असतो, उरलेलं आभाळात काढायला लागला, तर जमिनीवर राहणार कधी? दोन वर्षं बापलेकांत धुसफूस चालली होती. शेवटी काकांनीच तोडगा काढला. एकदा ते स्वतः बसून बघतील. त्यांच्या मनाला पटलं तर ठीक, नाहीतर सायमनने हा नाद कायमचा सोडायचा. सायमनने कबूल केलं. मला साक्षीदार म्हणून बरोबर घेतलं गेलं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी वटारला गेलो. काकांच्या पत्नी सिसिलमावशींनी फुगे तळले होते. आंबवलेल्या पिठाचे ते गोल, हलके फुगे मटणाच्या रश्शात बुडवून खाताना मी दहिवडीच्या पुरणपोळीलाही विसरतो. जेवणं झाल्यावर सायमनने टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून आपला टॅब उभा केला. पूर्वी वैमानिक मांडीवर कागदी नकाशा, पट्टी आणि पेन्सिल घेऊन बसत. आता ते सगळं एका ॲपमध्ये आलं आहे. त्याने बोट टेकवलं तशी घाटापलीकडच्या धावपट्टीपासून थेट वटारच्या किनाऱ्यापर्यंत एक जांभळी रेष उमटली. मुंबईभोवतीचं मोठ्या विमानांचं आकाश लाल कडेने आखलेलं होतं. त्यात विचारल्याशिवाय शिरायचं नाही, म्हणून आपली रेष त्याच्या उत्तरेने जाते, असं त्याने समजावलं.

मग त्याने सरावाचं बटण दाबलं. या ॲपात दोन बटणं असतात, एक खऱ्या उड्डाणाचं आणि एक सरावाचं. सरावाच्या बटणाने घरबसल्या सगळा प्रवास पडद्यावर पाहता येतो. वडिलांची भीती मोडावी म्हणून तो हे दाखवत होता. इवलंसं विमान रेषेवरून निघालं. शेजारची माणसंही खुर्च्या ओढून बसली. घाट आला, तानसा तलाव आला, तुंगारेश्वरचा डोंगर आला, आणि विमान वटारवर येऊन घिरटी घालू लागलं, तेव्हा मावशींनी क्रुसाची खूण केली.

काकांनी चष्मा काढून पुसला. "बसल्या जागी वटार दिसला. मंग उद्या जायचं कशाला?"

सगळे हसले, सायमनसुद्धा. आपापसात ते लोक त्यांच्या घरच्या बोलीत पुढे बरंच काही बोलले. इतकी वर्षं होऊनही मला ती बोली निम्मीच कळते.

घाटापलीकडे

जव्हारमार्गे गाडीने आम्ही वर गेलो. वाटेत काकांनी मिसळ खाल्ली आणि रस्सा बघून, ही माणसं सकाळी सकाळी स्वतःला अशी शिक्षा का करून घेतात, असं मला हळूच विचारलं. मुक्काम क्लबजवळच्या एका लॉजवर होता. सकाळी थंडी मरणाची होती. वसईच्या हवेत वाढलेले काका मफलरमधून फक्त नाक बाहेर काढून बसले होते.

धावपट्टीवर पहिला धक्का बसला तो वजनकाट्याचा. चार आसनांच्या विमानात कोण किती वजनाचा आणि कुठे बसणार हे आधी टॅबमध्ये भरावं लागतं. काकांना काट्यावर उभं केलं, मला केलं, मग काकांनी घरून आणलेला वेलची केळ्यांचा आणि सुकेळ्यांचा, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांचा, करंडाही काट्यावर चढला. काका बघतच राहिले. बाजार समितीत त्यांनी आयुष्यभर केळी तोलली, पण केळ्यांच्या रांगेत स्वतः कधी उभे राहिले नव्हते. पडद्यावर विमानाचं चित्र होतं आणि त्यात एक ठिपका हिरव्या चौकटीच्या आत-बाहेर सरकत होता. वजन जास्त भरत होतं, म्हणून करंडा खाली, क्लबातल्या माणसांकडे राहिला. काकांनी हट्टाने मागची जागा घेतली. सरांना नकाशा कळतो, त्यांना पुढे बसू दे, असं म्हणाले.

सायमनने विमान तपासलं ते मी टक लावून पाहिलं. आमच्याकडे एसटीचा चालक टायरला एक लाथ घालतो आणि चढतो. इथे मात्र त्याने पंखाच्या कडेवरून, प्रत्येक बिजागरीवरून हात फिरवला. टाकीतून थोडं इंधन पारदर्शक पेल्यात घेतलं, ते आकाशाकडे धरून त्यात पाणी उतरलेलं नाही ना हे बघितलं. कागदी नकाशाची घडी दाराच्या कप्प्यात ठेवली. मुख्य प्रशिक्षक बाई येऊन दोन शब्द बोलून गेल्या. त्या म्हणाल्या, घाट उतरल्यावर खाली धुरकट असेल, आणि उत्तरेचा वारा अंदाजापेक्षा जास्त आहे. सायमनने मान डोलावली. मग आत बसून त्याने टॅब समोरच्या काचेला चिकटवला आणि त्यावर बोट टेकवलं. जांभळी रेष उमटली. पट्टीच्या टोकावर इवलंसं विमान तयार उभं होतं.

वर

उड्डाणाबद्दल मी फार लिहीत नाही, कारण जमीन सुटली तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा खाली द्राक्षांचे मांडव दिसत होते, पोत्यासारख्या विणीचे. थोड्याच वेळात घाटाची कड आली. वर्षानुवर्षं फळ्यावर मी सह्याद्रीचा उतार खडूने काढत आलो. खरा उतार आता पहिल्यांदा दिसला. ज्या गुरुजींनी मला वह्या पुरवून शिकवलं त्यांना हे दिसायला हवं होतं, असं वाटलं. मग जमीन एकदम खाली गेली आणि आम्ही धुरकट दुधासारख्या हवेवर आलो.

आता दूरचं काही दिसेना. फक्त खालचं, सरळ पायाखालचं दिसायचं. मी टॅबकडे बघत होतो. इवलंसं विमान रेषेवरून चाललं होतं. डावीकडे तलाव चमकला, टॅबवरही तिथेच तलाव होता. मी मागे वळून काकांना मोठ्या ऐटीत सांगितलं की तो तानसा. सायमननेही मान हलवली. काका माळेचे मणी ओढत होते, त्यांनी एक डोळा उघडून खिडकीबाहेर पाहिलं आणि तो पुन्हा मिटला.

तेव्हा मला सायमनचं मनापासून कौतुक वाटलं. कानावरच्या हेडफोनमध्ये बोललेलं सगळ्यांना ऐकू जातं, म्हणून काकांनाही ऐकू जावं अशा हेतूने मी म्हणालो, "सायमन, निघाल्यापासून तू रेषेवरून केसभरसुद्धा हलला नाहीस बघ."

तो हसला. मग हसू जागच्या जागी थांबलं. त्याने टॅबकडे पाहिलं, इतका वेळ की मला बाहेर कोण बघतंय असा प्रश्न पडला. नंतर त्याने मला सांगितलं की खरं विमान कधीच रेषेवर राहत नाही. वारा ढकलतो, हात ढिला पडतो, ते सारखं थोडं इकडे थोडं तिकडे होतं. रेषेवर न हलता चालतं ते फक्त सरावातलं विमान. वेगाचा आकडाही सकाळपासून तसाच होता. वटारला त्या संध्याकाळी ॲपमध्ये सरावाचं बटण निवडलेलं होतं, ॲपने ते लक्षात ठेवलं होतं, आणि धावपट्टीवर त्याचं बोट त्याच सवयीने तिथेच पडलं होतं. टॅबवरचं विमान कधीच घाट उतरून वटारच्या वाटेला लागलं होतं. आम्ही त्यात नव्हतो.

हे मला तेव्हा कळलं नाही. मला एवढंच दिसलं की त्याने घाईने काहीतरी दाबलं, इवलंसं विमान नाहीसं झालं, आणि त्या जागी एक गोल चक्र फिरू लागलं. टॅब खरी जागा शोधत होता.

"सर, तुमचा फोन काढा. नकाशा उघडा."

मी उघडला. विरारमध्ये रोज वापरतो तोच नकाशा. पण वर नेटवर्क नव्हतं आणि या भागाचा नकाशा मी उतरवून ठेवलेला नव्हता. करड्या कोऱ्या पडद्यावर एक निळा ठिपका लुकलुकत होता. आपण इथे आहोत असं तो सांगत होता, पण त्याच्याखाली ना गाव, ना नदी, ना रस्ता. आयुष्यभर मुलांना नकाशे शिकवणाऱ्या माझ्या हातात तो ठिपका होता. फोन मी तसाच सायमनसमोर धरला.

आणि मी डावीकडे पाहिलं. धुरकट हवेतून एक प्रवासी विमान बाहेर आलं. फार जवळ नव्हतं, सायमन म्हणतो की चांगलंच लांब होतं. पण त्याच्या पोटाखालची चाकं मला दिसली. ते उतरायला निघालेलं होतं. उतरायला म्हणजे मुंबईला. म्हणजे जे लाल कडेचं आकाश आमच्यापासून लांब असायला हवं होतं, ते इथेच कुठेतरी होतं. मी सायमनला बोटाने ते दाखवलं. सायमनने विमान ताबडतोब उजवीकडे, उत्तरेला वळवलं.

टॅबवरचं चक्र फिरतच होतं. ते थांबायची वाट त्याने पाहिली नाही. त्याने रेडिओचं बटण दाबलं आणि इंग्रजीत, सावकाश, एकेक शब्द तोडून सांगितलं, की मला माझी जागा निश्चित माहीत नाही, मी बहुधा तुमच्या हद्दीत किंवा तिच्या काठावर आहे, उत्तरेला वळलो आहे, मदत हवी.

त्या रेडिओवर जितकी विमानं होती त्या सगळ्यांनी ते ऐकलं असणार. पलीकडून, मुंबई विमानतळाच्या नियंत्रण कक्षातून, एका बाईंचा आवाज आला. त्यात ना राग होता, ना आश्चर्य. त्यांनी चार आकडे सांगितले, सायमनने ते एका खोक्यावर फिरवून बसवले, म्हणजे त्यांच्या पडद्यावर आम्ही ओळखू येऊ.

मागून काकांनी माझ्या खांद्याला हात लावला. "काय बोल्ला तो?"

मी सायमनकडे पाहिलं. तो समोर बघत होता. काकांना इंग्रजी येत नाही. मी काहीही सांगू शकलो असतो.

"सर, सांगा त्यांना," सायमन म्हणाला.

मी सांगितलं. "काका, आपण कुठे आहोत ते त्याला माहीत नाही. तसं त्याने खालच्यांना सांगितलं."

काकांनी माझ्या खांद्यावरचा हात काढला नाही. बोटं मात्र घट्ट रुतली.

बाईंचा आवाज परत आला. तुम्ही दिसलात. आपल्या मार्गाच्या बरेच दक्षिणेला आला आहात, भिवंडीच्या पूर्वेला. असेच उत्तरेला जा, उंची बदलू नका. म्हणजे ज्या तलावाला आम्ही दोघांनी तानसा ठरवलं होतं तो भातसा होता. टॅबने सांगितलं म्हणून आम्ही तानसाच पाहिला. मला हा धक्का त्या प्रवासी विमानापेक्षा मोठा वाटतो. डोळे उघडे होते, काच स्वच्छ होती, आणि तरी मी जे दाखवलं गेलं तेच पाहत होतो.

उत्तरेला जाताना हवा थोडी निवळली. डाव्या हाताला तुंगारेश्वरची रांग आली आणि तिच्यामागे आमचं वसई-विरार. मी तिथे राहतो, पण मला ते ओळखू आलं नाही. मिठागरात पांढरे ढीग लावतात तशा इमारती, एकाला एक खेटून, डोंगराच्या पायथ्यापासून पार पश्चिमेपर्यंत. माझं घर त्यातलाच एक कण. आणि सगळ्याच्या पलीकडे, समुद्राला चिकटून, एक बारीक हिरवी पट्टी.

"ती हिरवळ काय हाय?" काकांनी विचारलं.

मी म्हणालो, "ती वाड्यांची. वटार तिथेच कुठेतरी."

"येवढीच?"

मी हो म्हणालो. त्यांनी काचेला कपाळ टेकवलं. त्या पट्टीत त्यांनी पंचाहत्तर वर्षं काढली होती, आणि तिथे उभं राहिलं की ती संपतच नाही असं वाटतं. पुढे जाऊन जवळून बघू का, असं मी सायमनला विचारलंच नाही. तो आधीच परतीची दिशा मागत होता. टॅब आता खरी जागा दाखवू लागला होता, तरी त्याने तो काचेवरून काढून पालथा माझ्या मांडीवर ठेवला. दाराच्या कप्प्यातला कागदी नकाशा उघडला आणि खरोखरीचा तानसा दिसल्यावर मला विचारलं, "सर, हा तानसाच ना? नीट बघून सांगा." मी भिंतीचा आकार, पाण्याचे फाटे, डोंगर, सगळं दोनदा जुळवून मगच हो म्हणालो.

परत

उतरल्यावर सायमन आम्हाला चहाला थांबायला सांगून सरळ प्रशिक्षक बाईंच्या खोलीत गेला. दार उघडं होतं. त्याने बटणापासून सगळं सांगितलं, काही गाळलं नाही, वाऱ्यावर ढकललं नाही. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की वर कळवावं लागेल, चौकशी होईल, तोपर्यंत विमानाला हात लावायचा नाही. परवान्याचं काय होईल ते त्यांना सांगता येत नव्हतं. केळ्यांचा करंडा तोवर क्लबातल्या माणसांनी अर्धा संपवला होता आणि ते काकांना ही सुकेळी उन्हात कशी वाळवतात ते विचारत होते. काका उत्तर देत होते, पण त्यांची नजर त्या उघड्या दारावर होती.

येताना जव्हार मागे टाकलं. घाटातल्या एका टपरीवर थांबलो, तिथे सायमनने स्वतःच विषय काढला. गाडीला टेकून, वडिलांकडे न बघता तो म्हणाला, "डॅडी, आपलं ठरलंय. मी सोडतो. परवाना राहिला तरी सोडतो."

काकांनी कप बाजूला ठेवला. "तू रेडिवर बोल्ला नसता, नुसता वळून परत आला असता, तर कोनाला कळलं असतं?"

सायमनने थोडा विचार केला. रडारवर बहुतेक दिसलंच असतं, पण कोण, कुठलं, ते कदाचित कळलंही नसतं, असं तो म्हणाला.

"मंग बोल्लास कशाला? मी मागं बसलेला. तुला ठाऊक होतं मी कशाला आलो ते."

"त्या मोठ्या विमानात माणसं होती," सायमन म्हणाला. "मी कुठे आहे ते मला माहीत नाही, एवढं तरी त्यांना माहीत पाहिजे."

मला वाटलं, आता काका ठरल्याप्रमाणे बोलतील आणि हा विषय संपेल. दोन वर्षं ज्या एका शब्दाची ते वाट बघत होते तो मुलाने आपण होऊन त्यांच्या हातात दिला होता.

"मी घाबरलो," ते म्हणाले. "मी परत बसनार नाय, सिसिललाबी बसू देनार नाय." मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "सर, ही चौकशी कुठं आसते?"

मी म्हणालो, मुंबईला असेल, नाहीतर दिल्लीला. मला नक्की माहीत नाही.

"जिथं आसंल तिथं मला न्यायचं. हा एकटा जानार नाय. मी तिथं होतो, मी मागं बसलेलो. याने काय केलं आनि काय बोल्ला ते मी सांगेन."

सायमनने मान वर केली. मी त्याला ओट्यावरच्या लहानपणापासून ओळखतो. त्याचा असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

काका गाडीचं दार उघडून आत बसले, पुन्हा अर्धे बाहेर वाकले आणि मला हळूच म्हणाले, "तिथं मराठी चालतं ना?"